सगळं वाचलं

सीवूड्सच्या बाराव्या मजल्यावर
पहाटे फीड रीडर उघडतो:
न वाचलेले, सहाशे चौदा.
तीन वर्तमानपत्रं, बुद्धिबळ, दुर्बिणी,
पाव भाजणारी कोणी बाई पोर्तुगालातली,
सगळे एकाच रांगेत, रेशनला उभे असल्यासारखे.

बटण दाबतो: सगळं वाचलं.
इतक्या सहज खोटं
मी फक्त आईशी बोलायचो,
जेवलो म्हणून.

तळाशी हासुराम, दिवाळे कोळीवाडा.
रोज दोन ओळी: भरती किती वाजता,
जाळ्यात काय आलं.
‘आज भांग. निवट्या चार.’
श्रावणापासून त्यांच्यापुढे आकडाच नाही.

नव्वद दिवस गप्प आहेत,
काढून टाकू? यंत्र विचारतं.

खिडकीतून खाडी दिसते.
पाणी चढतंय.
वेळ मी लिहून ठेवतो:
सहा वाजून अकरा.