दक्षिणेची भिंत

शिरुडेंनी तिसरा मजला चढवला
त्या वर्षी माझे गुलाब गेले,
एकामागून एक, काड्या होत.
मी महापालिकेत दोन अर्ज दिले,
जिन्यापाशी एकदा तोंड सोडलं,
आणि मग सात संक्रांती
त्यांच्या घरचा तिळगूळ हातात घेतला नाही.

उरली सहा फुटांची पट्टी, देवपुरातली,
काळ्या मातीची,
पावसाळ्यात चप्पल धरून ठेवणारी.
आणि वर ती भिंत. रंग नाही, प्लास्टर नाही,
विटांच्या फटींतून सिमेंटनं
जिभा बाहेर काढलेल्या.

पारोळा रोडच्या नर्सरीत सुकलाल बडगुजर
माझं गाऱ्हाणं ऐकत पिशव्यांत माती भरत राहिला.
मग म्हणाला,
‘उनना काय तोटा से ताई आठे?
सावली कमावनी पडस.’
आणि रिक्षात रोपं ठेवली:
दुहेरी तगर, कामिनी, अबोलीची तीन,
आणि अनंत. तो देताना जरा थांबला.
‘हाऊ रुसस,’ म्हणाला, ‘पानी पाहीसन.’

तगरीला काही सांगावं लागलं नाही.
कामिनीनं दोन वर्षं नुसती पानं दाखवली,
चकचकीत, जशी आजच पुसलेली,
आणि एका ऑक्टोबरात, रात्री,
मी लाइट बिल शोधत असताना
खिडकीतून असा वास आला
की बिल सापडलं तरी शोधतच राहिले.
अबोली बोलायची नाही, पण वर्षभर असायची.

अनंत मात्र रुसला.
बोअरचं पाणी जड, बादलीला पांढरी पुटं चढतात.
पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या,
एखाद्या गावाच्या नकाशासारख्या.
ताक घातलं, चहाचा चोथा घातला,
डेपोतल्या गंजक्या खिळ्यांचा डबा बुंध्याशी पुरला.
तीस वर्षं त्याच डेपोत
मी फळ्यावर गाड्यांच्या वेळा लिहिल्या.
खडू अजून पर्समध्ये असतो.

म्हणून ऊन लिहायला लागले.
आठ महिने लिहायला काही नसतं.
एप्रिलात ते माझ्या भिंतीवरून खाली उतरतं:
सात तारीख, छपराची कड.
बारा, खिडकीची चौकट.
एकोणीस, जोतं.
मग मातीवर पाय ठेवतं
आणि रोज बोटभर दक्षिणेकडे सरकतं,
गाडी कधी चुकत नाही.

तेव्हा कळलं, उशिरा कळलं,
की मजला चढल्यापासून
या पट्टीतली माती भेगाळलेली नाही.
हे मी कुणाला सांगितलं नाही.

पंचवीस मे. डोक्यावर सूर्य,
कुठल्याच भिंतीला सावली नाही.
पारा चव्वेचाळीस. अनंतावर नऊ कळ्या,
हिरव्या, पिळलेल्या,
उघडाव्यात की नाही अशा.
मी छत्री धरून उभी, चप्पल तापलेली,
आणि छत्री एक, झाडं सहा.

वरून पाण्याचे थेंब पडले.
पाहिलं तर पहिल्या मजल्याच्या गजांना
कुणीतरी ओली चादर बांधत होतं,
निळ्या चौकड्यांची, सोलापुरी.
दोन हात दिसले, फिकट मेंदी.
सून असावी. नाव मला माहीत नाही,
लग्नाला गेलेच नव्हते.
चादरीची दोन टोकं तिनं खाली सोडली.
ती हवेत फडफडली,
गरम हवेत, माझ्या तोंडासमोर.

वर कुणी काही बोललं नाही.
मीही नाही.
छत्री मिटली. टोकं ओढून
माझ्या खिडकीच्या गजांना बांधली, घट्ट,
दोन दोन गाठी.

मग नोंद करायची राहिली होती.
ऊन त्या दिवशी जिथवर पोचलं
ती जागा त्यांच्या भिंतीवर होती, पायथ्याशी.
वाकले.
कोऱ्या विटेवर खडू नीट उठत नाही,
तरी लिहिलं:
बारा अठ्ठावीस. नऊ कळ्या.