घागरीची चाल

शिकलगार मिस्त्रींनी पंप उघडला
तेव्हा आतला चामडी वॉशर खारकेसारखा सुकला होता.
नवा बसवला, दोन थेंब तेल सोडलं, म्हणाले,
आधी नुसतं पाणी मारा.
औषध कुलपातच राहू द्या.

(औषध म्हणतो आम्ही त्याला,
आणि लेकरांचा हात पोचणार नाही असं ठेवतो.)

खळ्यावर चुन्याचा चौकोन आखला,
तेहतीस फूट, तेहतीस फूट. एक गुंठा.
कोपऱ्यांवर मधुरानं दगड ठेवले.
टाकीत दहाच्या रेघेपर्यंत पाणी.
डाव्या हातात दांडा, उजव्यात नळी,
मी चालले, आणि मागं
ओल्या पट्ट्या पडत गेल्या सारवल्यागत.

उरलं तीन लिटर.
म्हणजे सात गेलं.
बाटलीवर लिहिलंय, एकरी दोनशे लिटर.
"आई, पाचच जायला पाहिजे," मधुरा म्हणाली.
सहावीत आहे. भागाकार तिला आवडतो.
"नाहीतर वांग्यांना दीडपट होईल, जवळजवळ."

मिस्त्री पायरीवर बसून बशीतला चहा पीत होते.
"वैनी, तुम्ही घागर घेतल्यागत चालताय."

मी तशीच उभी राहिले.
बाराव्या वर्षापासून कृष्णेचा घाट चढले मी,
थेंब सांडला तर आत्या मोजायची.
टाच कधी टेकायची, कंबर कुठं वळवायची
हे पायांना पाठ होतं,
मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.
पाठीवर पाणी आलं की पाय आपले जपून पडतात.

"हे सांडायलाच घेतलंय," मिस्त्री म्हणाले.
"फक्त सगळीकडं सारखं सांडा."

दुसऱ्यांदा चार लिटर. फार पळाले.
तिसऱ्यांदा दोन पावलांना एक दांडा,
दोन पावलांना एक दांडा,
पाच.
मधुरानं दगडावर कोळशानं पाच लिहिलं
आणि खाली रेघ मारली.

नोझल मध्येच तुंबलं तेव्हा
माझं तोंड सवयीनं पुढं गेलं.
चुलीला फुंकर, खरचटल्या गुडघ्याला फुंकर,
डोळ्यातल्या कुसळाला फुंकर.
मिस्त्रींनी हात आडवा घातला.
खिशातून जुना दातांचा ब्रश काढून दिला,
"ह्याला तोंड लावायचं नाही. पाणी असलं तरी नाही.
सवय लागली की औषधाच्या दिवशी आठवत नाही."

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना
ह्यांचा लांब बाह्यांचा शर्ट, हातमोजे, गॉगल,
तोंडाला मास्क. कुत्रं माझ्यावरच भुंकलं.
चिमूटभर राख सोडून बघितली,
ती नदीकडं गेली, हळू.
मी वाऱ्याकडं पाठ केली.

दोन टाक्या झाल्या.
तिसरी कालवायच्या आधी पुन्हा चिमूट सोडली
तर राख बांधापलीकडं,
तायाक्का वाघमोडेच्या तुतीवर.
तिच्या शेडमध्ये रेशमाच्या अळ्या
चौथी कात टाकून खायला उठलेल्या,
आणि ती ह्याच झाडांची पानं तोडते
आठच्या सुमाराला, गाणं म्हणत, बेसूर.

बाटलीचं टोपण तसंच घट्ट राहिलं.
बांधाकडच्या दोन सऱ्या उरल्या.
तिथं मी ऊन चढेपर्यंत
माना टाकलेले शेंडे खुडत बसले,
अळीसकट, एकेक, बादलीत.
तायाक्का पलीकडून म्हणाली,
"आज हातानं गं? पंप बिघडला का?"
"नाही," म्हटलं, "पंप एकदम चांगलाय."

पंप तीनदा विसळला,
विसळलेलं पाणी फवारलेल्या सऱ्यांवरच मारलं.
शर्ट वेगळा भिजवला. डोक्यावरून अंघोळ केली.

संध्याकाळी प्यायच्या पाण्याची घागर
कडेवर घेऊन नळावरून आले
तर उंबऱ्यापर्यंत ओली रेघ.
मधुरा मागं मागं चालत आली, पावलं मोजत,
काही न बोलता.