साखळी धरणारा

शनिवारी रात्री साडेआठला आमचा सामना लागतो,
टीव्हीवाल्यांना तीच वेळ रिकामी सापडते म्हणून.
तेव्हा पूर्वेला साडेदहा वाजलेले असतात
आणि ज्यांच्या हातात मतपत्रिका
त्यांच्या डोळ्यांवर पेंग.

मी एकतीस वर्षं मैदानाच्या कडेला साखळी धरतोय.
एक काठी माझ्याकडे, दुसरी लॉयल टिबेट्सकडे,
मध्ये दहा यार्ड.
आठवडाभर बीटच्या कारखान्यात साखरेची पोती मोजायची,
शनिवारी यार्ड.

त्या रात्री चार सेकंद उरले होते.
एनेको उरुतिया, बास्क मेंढपाळाचा नातू,
बुटाचं टोक दोनदा गवताला पुसलं त्यानं
आणि सत्तेचाळीस यार्डांवरून चेंडू
दोन खांबांच्या मधून पलीकडच्या अंधारात धाडला.
दिव्यांखाली बर्फ भुरभुरत होतं.
गावाची वस्ती अकरा हजार,
ओरडत होते सोळा हजार.
सलग नववा विजय.

रविवारी दुपारी यादी आली.
तेविसावे होतो, चोविसावे झालो.
जिंकून खाली.
आमच्या जागी जो चढला तो आदल्याच दिवशी हरला होता,
पण ते हरणं म्हणे दर्जेदार,
मोठ्या कॉन्फरन्सच्या अंगणातलं,
मोठ्या नावाच्या हातून खाल्लेलं.
पडद्यावर कोटातले चौघे हसत हसत समजावत होते.
आमच्या वाट्याला अकरा सेकंद आले.
लॉयलनं घड्याळ लावून मोजले.
त्यातही उरुतियाचं नाव चुकवलं.

वाढपी ओळखीचा असला
की शेवटच्या पाटावरही तूप पोचतं,
हे मला कुणी शिकवायला नको.
त्यांचा तळाचा संघ वरच्याला हरवतो
तेव्हा, बघा, कॉन्फरन्स केवढी भक्कम!
वरचा तळाच्याला चिरडतो
तेव्हाही, बघा, केवढी भक्कम!
आम्ही जिंकतो तेव्हा विचारतात, कुणाशी?
छापा त्यांचा, काटा त्यांचा,
नाणं तेवढं आमच्या खिशातलं.

अलाबामात कुणी ग्रेडी फॅन्शर आहे,
त्याच्या पंचवीस नावांत आम्ही नव्हतोच.
रात्री त्याला पत्र लिहायला बसलो.
'महाशय,
दहा यार्ड तुमच्याकडेही दहाच असतात ना?'

तिथे पेन थांबलं.

एकवीस वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर.
चेंडू पाहुण्यांचा, आम्ही तीन गुणांनी पुढे.
काठी रोवताना मी ती चार बोटं पुढे रोवली.
मुद्दाम नाही.
मुद्दाम नाही, असं मी एकवीस वर्षं म्हणतोय.
चौथ्या प्रयत्नानंतर साखळी ताणली,
चेंडूचं नाक चार बोटं मागे राहिलं.
सगळं मैदान नाचलं.
पाहुण्यांचा चव्वेचाळीस नंबर गुडघ्यांवर बसला होता,
तो चेंडूकडे बघत नव्हता,
काठीकडेही नाही,
माझ्या बुटाकडे बघत होता.
तो निकाल छापून आला,
आमच्या पोरांच्या अंगठ्यांवर कोरला गेला.
कुणीही कुणालाही पत्र लिहिलं नाही.

फॅन्शर निदान झोपला तरी होता.
मी टक्क जागा होतो.

पत्र अजून टेबलावरच आहे, साखरेच्या डब्याखाली.
लॉयल विचारतो, टाकलंस का?
मी सांगतो, तिकीट संपलंय.
तो काही बोलत नाही,
त्या दिवशी दुसरी काठी त्याच्याच हातात होती.

यादी चूकच आहे, अजूनही म्हणतो.
चोविसावे नाही आम्ही. पंधरावे असू, सतरावे असू.
उरुतियाचं नाव नीट उच्चारायला
काही पैसे पडत नाहीत.

शनिवारी पुन्हा साडेआठ.
पूर्वेकडे एकेक दिवा विझत जाईल.
हल्ली मी काठी खाली बघून रोवतो,
टाच टेकवून, खोल,
आणि मग मान वर करतो
चेंडू कुणाचा आहे ते बघायला.