हातचा एक

मोंगूच्या शाळेत पहिल्याच दिवशी मला सांगितलं गेलं,
तुम्ही फक्त दुभाषी.
मास्तर बोलतील, तुम्ही हात हलवा.

लिकांडो मास्तर बोलले : इलेक्ट्रॉन.
माझे हात हवेत थबकले.
आमच्या खुणांच्या भाषेत होडीला खूण आहे, मगरीला आहे,
सासूला तर तीन आहेत.
इलेक्ट्रॉनला नव्हती.
मी बोटांवर एकेक अक्षर रचत गेले
आणि एकवीस चेहरे अक्षरं संपायची वाट बघत राहिले,
पुरात पलीकडच्या काठावरची माणसं
होडीची बघतात तशी.

अशीच गेली पानंच्या पानं.
प्रवेग. विभवांतर. अर्धायुष्य.
माझी बोटं दुखायची, त्यांचे डोळे.
मंडळाला पत्र लिहिलं,
बहिऱ्या मुलांना विज्ञान शिकायला शब्द हवेत.
मंडळाने कानांवर हात ठेवले.
हे मी वर्गात जसंच्या तसं करून दाखवलं
तेव्हा मुलं इतकी हसली
की मागचा बाक वाळूत रुतला.

खूण शेवटी नमासिकूने काढली.
वर्गात नाही,
संध्याकाळी मासे वाळवायच्या जाळीपाशी.
एक मूठ म्हणजे गाभा.
दुसऱ्या हाताची करंगळी तिच्याभोवती,
आणि करंगळी फिरत असताना डोळे मिटलेले,
कारण तो कुठे आहे ते नक्की सांगता येत नाही ना.
मी तीन दिवस तिला दटावलं :
डोळे मिटू नकोस, खूण हातांची असते.
चौथ्या दिवशी शिकवताना
माझेच मिटले.

मग मिठाच्या दुकानातली जुनी वही भरत गेली.
'दाब'वरून आठवडाभर भांडण,
मुटुंबाचं म्हणणं तळहात वरून खाली,
पाणबुड्या बापाचा मुलगा म्हणाला, सगळीकडून.
तोच बरोबर निघाला.
मुटुंबा दोन दिवस कुणाशी 'बोलला' नाही,
हात खिशात घालून हिंडला.

परीक्षेत प्रश्न आला अनुनादाचा.
नळीतलं पाणी खाली-वर करा,
आवाज सर्वांत मोठा ऐकू येईल तिथे थांबा.
ऐकू येईल तिथे.
मी वाक्याचा अनुवाद केला नाही.
मला लाज वाटली, आणि ती माझी नव्हती.

नमासिकूने प्लॅस्टिकची पिशवी फाडली,
पातळ तुकडा नळीच्या तोंडावर ताणून धरला,
वर मक्याच्या पिठाची चिमूट.
शेजारणीने चिमट्याचा काटा छेडला.
पीठ पडून होतं.
पाणी उतरलं.
पीठ पडून होतं.
पाणी अजून उतरलं, आणि मग
पीठ उठलं. नाचलं.
तिने पट्टी लावली : सोळा सेंटिमीटर.
लुसाकाहून आलेला परीक्षक
बराच वेळ पिठाकडे बघत राहिला.
त्याने लिहिलं : उत्तर बरोबर. पद्धत अमान्य.
पाचापैकी दोन.

ती रागावली नाही. मीच रागावले.
खालच्या वर्गातली मुलं तेव्हा बेरीज शिकत होती,
आठ आणि पाच, तेरा, हातचा एक.
हातचा कागदावर नसतो.
मिटलेल्या एका बोटात असतो,
तो विसरला की पुढचं सगळं चुकतं.

आता ती सेनांगाला, मासळीच्या बर्फघरात आहे.
यंत्र बिघडलं की तिला बोलावतात.
लोखंडावर तळहात ठेवून ती सांगते
कुठला भाग दमलाय.
परवा तिने मोबाइलवरून खूण पाठवली,
नवी, बहुतेक 'थरथर'ची,
किंवा 'ताप'ची,
तिचा हात वर गेला, बोटं उलगडायला लागली
आणि नेटवर्क गेलं.

पडद्यावर तो हात अजून तसाच आहे,
अर्धा शब्द.
मी वर्गात शिरले, फळ्यापाशी उभी राहिले,
एक बोट मिटून.