शांत

मकरपुऱ्यात रात्री अडीच वाजता
शहाण्णव खळग्यांची ताटली यंत्रात सरकवते.
जिथे उजेड, तिथे कायनेज अजून जागं,
पेशीच्या कानाशी लागलेलं: वाढ, वाढ.
आम्ही अंधार शोधतो.

दोनशे सतरावा रेणू नऊ वेळा बदलला.
क्लोरीन काढला, मिथिल गट जरा वळवला,
खाचेत बसेना.
बसला तेव्हा यकृताला नडला.
फाल्गुनीबेन म्हणाल्या, "चालशे, फरी करीशुं."

दांडिया बाजारात सासूबाई
दिवा विझला म्हणू देत नाहीत.
शांत झाला म्हणायचं.

आज सी-सात काळा.
वहीत लिहून गेले: सी-सात, शांत.
मग ते खोडून आकडा लिहिला,
आणि उद्या पुन्हा करून बघायचं म्हणून
उरलेलं एन्झाइम बर्फात खोचलं.