सत्त्याऐंशी अंश

पहिल्या चाचणीत शंभरपैकी एकोणतीस.
पेपर हातात ठेवताना डॉक्टर अरान्सिबिया म्हणाले,
"भूशास्त्राची ना तू? मग दगडांशीच बोल की."
वर्ग हसला. मीही हसले.
हसायला ना एन्थाल्पी लागते, ना लॉगॅरिथम.

दगड मला कळतात.
हातोडीचा एक घाव, ताज्या कडेला जिभेचं टोक,
भिंगामागे एक डोळा मिटलेला:
हा अँडेसाइट, हा टफ, हा नुसताच खडीच्या कामाचा.
समीकरणाला वास नाही, धार नाही,
बोटाला त्याची धूळ लागत नाही.
आणि ते आंशिक अवकलाचं वाकडं डी,
पुढच्या बाकावरच्या नीव्हेसच्या वेणीच्या टोकासारखं,
सगळ्यांना दिसतं,
हाती कुणाच्याच लागत नाही.

पुस्तकात पाणी शंभरला उकळतं, निमूटपणे.
पुस्तक समुद्रकाठच्या कुणीतरी लिहिलंय,
आणि आमचा समुद्र तर कधीचाच शेजाऱ्यांकडे गेला.
इथे ओरुरोत पाणी सत्त्याऐंशीलाच बडबडायला लागतं,
शिजवत मात्र काही नाही.
कुकरचं रबर गेलंय, महिना झाला.
आई रात्री दहाला पांढऱ्या मक्याचं पातेलं चढवते,
मी त्याच्याच उजेडात वही उघडते.
बाराला ती एक दाणा दाताखाली धरते,
मान हलवते.
"उकळतंय म्हणजे शिजतंय, असं नसतं गं."
ते वाक्य मी समासात लिहून ठेवलं,
खाली दाब, तापमान, एक वाकडी रेघ,
आणि रेघेवर एक टिंब:
आमचं घर.

बाबांच्या वेळी खाणीतलं पाणी नारिंगी असायचं,
शर्ट खायचं.
आई रफू करायची, मग रफूवर रफू,
शेवटी शर्ट संपला, रफू उरलं.
आता मला त्या पाण्याचा सामू काढता येतो,
पायराइटला गंज चढण्याची अभिक्रियाही
दोन्ही बाजूंनी जुळवून.
सांगायचं कुणाला?
बाबा कालामाला आहेत, सहा वर्षं.
मार्चमध्ये येतो, म्हणाले होते.
कुठला मार्च, ते आम्ही विचारलं नव्हतं.

गुरुवारी फळ्यावर तीन खनिजं होती,
कायनाइट, अँडालुसाइट, सिलिमनाइट.
तिघांचं सूत्र एकच,
कोण किती खोल वाढला, किती तापला, एवढाच फरक.
"इथे वर, या थंडीत,
अँडालुसाइटने खरं तर कायनाइट व्हायला हवं," डॉक्टर म्हणाले,
"उतार तसाच आहे. पण उतार दिशा सांगतो,
वेळ सांगत नाही."
मी हात वर केला. सेमिस्टरमध्ये पहिल्यांदा.
"आणि ते निघालंच नाही तर?"
ते खडूची धूळ झटकत राहिले.
"तर ते आपल्या नमुन्यांच्या पेटीत सापडतं.
पाहा की, ड्रॉवर सात."

मी पाहिलं. गुलाबट, चौकोनी, हट्टी.
करोडो वर्षं चुकीच्या जागी,
आणि एक कोपरा झिजलेला नाही.

त्या रात्री मी पातेल्याच्या झाकणावर
नमुना क्रमांक चौदा ठेवला,
अँडेसाइट, दोन किलो, डोंगरावरून माझ्याच पाठीवर आलेला.
आईने भुवया उंचावल्या.
"थांब," म्हटलं, आणि गणित मांडलं,
झाकणाचा व्यास तिच्या शिवणाच्या टेपने मोजून.
एकके तपासली. दोनदा.
उत्तर आलं: अंशाच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी.
म्हणजे काहीच नाही.
पण आलं बरोबर,
एकही शून्य हरवलं नव्हतं.

"काही उपयोग नाही याचा," मी आईला म्हटलं.
तिने चूल थोडी बारीक केली.
पहाटे चारला ती जांभळ्या मक्याचं आपी
गेटावर विकायला निघाली, तेव्हा मी जागीच होते.
दाणे अजून कच्चेच होते,
आणि दगड तिने
काढला नव्हता.