जात

फॉर्मवरचा तिसरा रकाना : जात.
मी विचारलं, आणि आसाराम कुळमेथे
वेलीकडं न बघताच म्हणाले, "गोंड. लिवा."

"तुमची नाही काका. हिची."

मग हसले ते, काळपट दात दाखवत.
"हिले कोन इचारलं जी आजवर?
कोनी अस्वलबेल म्हनते, कोनी काळंघड.
माही माय तं म्हने नुसतं, थे नाल्यावरची."

नाल्यावरची.
येनाच्या खोडाला तीन वेढे घालून वर गेलेली,
भादव्याच्या उन्हात घोस टांगून.
मणी वाटाण्याएवढा, साल जाड, आत दोन टपोऱ्या बिया
आणि उरल्या जागेत गर,
भाड्यानं राहिल्यासारखा.
एक चावला. आंबट. घसा खवखवला.
मग बऱ्याच वेळानं, कुठून तरी, गोड.
या शेवटच्यासाठी रकाना नव्हता.

उपयोग?

"मंडईच्या नाटकात मी खलनायक, वीस वरसं.
हिचाच रस सलाईनच्या बाटलीत भरून
धानाच्या कोंड्यात गाडून ठेवाचो पोळ्यापासून.
दिवाळीलोक बूच सोताच उडे!
सदऱ्याखाली फुगा बांधाचा,
चाकू लागला का फट्ट.
बाया रडत.
खलनायकासाठी, पोरी, बाया रडत."

काडीनं माती उकरत बसले थोडं.

"अन् उरलेलं रगत
पडद्यामागं आमीच प्याचो.
जो मारे थो, अन् जो मरे थो.
एकाच गिलासात."

आता?

"आता वडश्याले पुडी भेटते. पान्यात टाकली का रगत."

खाद्य, औषधी, इतर.
मी इतरवर खूण केली.
रंगापुढं लिहिलं : लाल.
सहा काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळल्या,
नाशिकला पाठवायच्या होत्या,
तिथं मोठ्या टाक्या आहेत, मोठे साहेब आहेत.
आसारामनं गाठ सोडून पुन्हा घट्ट बांधली.
"तिकडं नाला हाय का?" एवढंच विचारलं.
मला माहीत नव्हतं.

रात्री खोलीवर ओढणी धुतली.
साबण लागताच लाल डाग निळा झाला,
मग हिरवट,
आणि मग जाईचना.

फॉर्म काढला. लाल खोडलं.
निळा लिहिलं, तेही खोडलं.
तिसऱ्या रकान्यावर
पेन टेकवून बसले आहे अजून.
खिडकीबाहेर कुणाची तरी तालीम चाललीय,
कुणीतरी मरतंय, मोठ्यानं,
आणि पुन्हा पहिल्यापासून.